भाषा खुर्चीवर बसलेल्यानं शिकायची

माझी मावसबहीण सध्या जर्मन शिकतेय. नर्सिंग झालंय तिचं, नागपूरला एका खासगी हॉस्पिटलमध्ये 4 वर्षं काम केलं, आता जर्मनीला जायचंय म्हणून सकाळी 3 तास ऑनलाइन क्लास, मग ड्युटी, मग रात्री परत पुस्तक. तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-टू लेव्हल लागते, म्हणजे पेशंटशी, त्याच्या नातेवाइकांशी, डॉक्टरशी न अडखळता बोलता आलं पाहिजे. डॉक्टरांना तर अजून कडक आहे. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला तिकडे वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, साधारण तासाभराची, 20-20 मिनिटांचे 3 भाग. पहिल्या भागात समोर पेशंट म्हणून एक माणूस बसतो आणि आपल्याला काय होतंय ते साध्या घरगुती बोलीत सांगतो, दुसऱ्यात ते डॉक्टरनं कागदावर नीट मांडायचं, तिसऱ्यात दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगायचं. ही परीक्षा सुटली नाही तर डिग्री कितीही मोठी असो, प्रॅक्टिसचं लायसन मिळत नाही.

हे ती मला फोनवर सांगत होती आणि मी विचार करत होतो की या सगळ्यात कुणालाच, अगदी कुणालाच, असं वाटत नाहीये की तिथल्या 80 वर्षांच्या आजीनं आपल्या नर्ससाठी थोडं इंग्लिश शिकून घ्यावं. आजी आजारी आहे, अडलेली आहे, घाबरलेली आहे. नर्सला त्या कामाचा पगार आहे. म्हणून भाषा नर्सनं शिकायची. इतकं सरळ आहे ते. आणि आपल्या सरकारलाही ते सरळच वाटलं, कारण 2024 मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, इथून कुशल माणसं पाठवायची म्हणून, आणि त्यासाठी इथल्या पोरांना जर्मन शिकवायची जबाबदारी स्वतःवर घेतली. चांगलं केलं. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की जो न्याय जर्मन आजीला तोच मेळघाटातल्या कोरकू आदिवासी बाईला का नाही.

मी हे मेळघाटचं उदाहरण उगाच घेत नाहीये. माझी आई धारणी तालुक्यात एका उपकेंद्रावर नर्सबाई होती, 1989 ते 2001. आम्ही मूळचे परतवाड्याचे, घरी वऱ्हाडी बोलायची सवय, आणि आईची पहिली पोस्टिंग थेट डोंगरात. तिच्या ऑर्डरमध्ये गावाचं नाव होतं, पगाराची स्केल होती, रुजू व्हायची तारीख होती. तिथली माणसं कुठली भाषा बोलतात ते कुठेच नव्हतं. तिनं सांगितलेलं मला आठवतं, तिला वाटलेलं की आदिवासींची भाषा म्हणजे आपल्याच मराठीचा काहीतरी वेगळा हेल असेल, आठ-पंधरा दिवसांत कान बसेल.

तर कोरकू ही मराठीची बोली नाहीये आणि हिंदीचीही नाहीये. ती मुंडा कुळातली भाषा आहे, म्हणजे तिचं नातं झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारीशी, आणि त्या कुळाचं अगदी पश्चिमेचं टोक म्हणजे आपला सातपुडा. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. जरा पूर्वेला गडचिरोलीत गेलात तर गोंडीत पाण्याला 'येर', आणि गोंडी आहे द्रविड कुळातली, तेलुगू-कन्नडची नातेवाईक. म्हणजे एका महाराष्ट्रात तीन पूर्ण वेगळी भाषाकुळं शेकडो वर्षं शेजारी नांदतायत आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे शाळेत कधी सांगितलंही गेलं नाही. 2011 च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे साधारण 7 लाख 27 हजार होते, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. गोंडी सांगणारे 29 लाखांच्या वर. ही काही मूठभर माणसं नाहीत.

आईच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट. एक बाई 6-7 महिन्यांचं बाळ घेऊन आरोग्य केंद्रात आली, हगवण लागलेली. तिथं होते एक नवे डॉक्टर, बाहेरच्या जिल्ह्यातले, पंचविशीचे असतील. त्यांनी मराठीत विचारलं, बाळ दूध पितंय का? बाईनं मान हलवली, हो. उलटी होते का? हो. हे औषध दिवसातून 3 वेळा द्यायचं, समजलं ना? हो. डॉक्टरांनी केसपेपरवर सगळं लिहिलं. 4 दिवसांनी आई तिच्या पाड्यावर गेली तर औषधाची बाटली दाराशेजारच्या खुंटीला बांधलेली, बूचही उघडलेलं नव्हतं. बाईला वाटलेलं की ही बाटली घरात ठेवायची असते, तिच्या असण्यानं बाळ बरं होतं. ते बाळ वाचलं, कारण आईनं तिथंच बसून मीठ-साखरेचं पाणी करून चमच्या-चमच्यानं पाजलं आणि पाजायचं कसं ते करून दाखवलं. सगळीच बाळं वाचली नाहीत. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हा मोठमोठे लोक जीपमधून आले, कुपोषण, रस्ते, रोजगार, पावसाळ्यात तुटणारी गावं, सगळ्यावर बोललं गेलं आणि ती कारणं खरीच होती, मी ती नाकारत नाही. पण आई म्हणायची की येणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की इथं डॉक्टर आणि पेशंट बोलतात कुठल्या भाषेत.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं की हे शिकून या? मेडिकलच्या साडेपाच वर्षांत शरीराच्या प्रत्येक हाडाचं लॅटिन नाव पाठ करून घेतात, पण ज्या माणसाचं ते हाड आहे तो दुखतंय कसं सांगेल, हे शिकवायला वेळ मिळत नाही.

आणि ती बाईची 'हो' आहे ना, तिच्याबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे. आपण धरून चालतो की हो म्हणजे समजलं. पण टेबलाच्या पलीकडे शर्ट-पँटमधला साहेब बसलाय, आपल्याला त्याचं बोलणं अर्धं कळतंय, मागे लाइन आहे, तेव्हा 'हो' चा अर्थ असतो की मला इथून जाऊ द्या. पोलीस स्टेशनात, तहसीलमध्ये, बँकेत, शाळेच्या पालकसभेत ही हो रोज लाखो वेळा म्हटली जाते आणि दरवेळी समोरचा माणूस रजिस्टरवर टिक करून मोकळा होतो. आता कायदा बघा. फौजदारी खटल्यात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर कोर्टात त्याला कळेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असं कलम आपल्याकडे आहे, जुन्या प्रक्रिया संहितेत ते 279 नंबरचं होतं. म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला समजून घ्यायचा हक्क आपण लेखी दिला. चांगलंच आहे ते. मग पोटात मूल घेऊन आलेल्या बाईला त्याच ताकदीचा हक्क का नसावा?

आईनं कोरकू शिकली ती उपकेंद्राच्या मदतनीस बाईकडून. ती बाई चाळिशीची, 5 बाळंतपणं झालेली, एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण शिकवायची पद्धत अशी की आईला एकेक शब्द दिवसभर वापरायला लावायची. आईची एक वही होती, देवनागरीत कोरकू शब्द, समोर वऱ्हाडी अर्थ. आधी शरीराचे अवयव, मग दुखण्याचे प्रकार, मग दिवस-रात्र-काल-उद्या. वर्षभरात मोडकं बोलायला लागली. बायका हसायच्या तिच्या बोलण्यावर, अगदी पदर तोंडाला लावून हसायच्या, पण आई म्हणायची की ज्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या त्या दिवसापासून त्या खरं बोलायला लागल्या.

एक चूक तिला कायमची लक्षात राहिली. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत ना. आम्ही म्हणजे समोरच्याला वगळून, आपण म्हणजे समोरच्याला धरून. हिंदीत दोन्हीला हम, इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. पण गोंडीत हा फरक आहे, कोरकूतही आहे, आणि कोरकूत तर त्याच्या पुढे जाऊन 'आपण दोघी' आणि 'आपण सगळ्या' यांनाही वेगळे शब्द. म्हणजे आम्ही-आपणच्या जागी तिथं 4 शब्द. तर एका दिवस भरत आलेल्या पोरीला आईनं सांगितलं की सकाळच्या गाडीनं धारणीच्या दवाखान्यात जाऊ, आणि 'आपण दोघी' च्या जागी समोरच्याला वगळणारा 'आम्ही' वापरला. पोरीनं ऐकलं की नर्सबाई आणि अजून कुणीतरी धारणीला चाललेत. सकाळी आई गाडीपाशी उभी आणि पोरगी घरात शांत बसलेली. मदतनीस बाईनं पळत जाऊन तिला आणलं म्हणून वेळेत पोचल्या. आईनं ते 4 शब्द मग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले.

मला ही गोष्ट जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा वाटतं की मराठी, गोंडी आणि कोरकू या तीन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी, इतक्या लांबून लांबून आलेल्या, हाच एक फरक मनापासून जपला, की बोलताना तुला धरून बोलतोय का तुला सोडून हे आधीच स्पष्ट झालं पाहिजे. सरकारी कागदावर मात्र तो फरक पार पुसला जातो. योजनेच्या बोर्डावर 'आपण सर्व मिळून' लिहिलेलं असतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला ती भाषाच वाचता येत नाही.

दुभाषाचा प्रश्न येतो तेव्हा लोक म्हणतात की अहो आशाताई आहे ना. आहे, 2005 च्या ग्रामीण आरोग्य मिशननंतर गावोगाव आशा आल्या आणि कितीतरी ठिकाणी त्याच आज पूल आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या दुभाषी म्हणून नेमलेल्या नाहीत, त्या कामाचा वेगळा पैसा नाही, आणि प्रत्येक पेशंटबरोबर त्या येऊ शकत नाहीत. मग होतं काय, आश्रमशाळेत जाणारा 11-12 वर्षांचा पोरगा आईबरोबर येतो, त्याला मराठी येते, आणि त्याच्या तोंडून आईचं दुखणं सांगितलं जातं. आता विचार करा, अंगावरून जास्त जातंय हे कुठली आई आपल्या पोराच्या तोंडून परक्या पुरुषाला सांगेल? ती डोकं दुखतंय म्हणून सांगते. डोक्याची गोळी घेऊन घरी जाते. माझ्या आईनं असं कितीदा तरी बघितलंय.

हे जमत नाही असं जे म्हणतात त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, 1973 मध्ये तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तर दवाखाना चालवायचा म्हणजे आधी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकायची हे त्यांनी करूनच दाखवलं. अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्यानं 1986 मध्ये सर्च ही संस्था सुरू केली, आणि 1989 मध्ये त्यांचा जो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, 2 गावांतल्या 650 बायकांचा, त्यात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचं निघालं. त्याआधी तपासणी झालेल्या त्यातल्या साधारण 8 टक्केच होत्या. हा आकडा सगळेजण सांगतात. मला त्यामागचं बोलणं जास्त मोठं वाटतं. बाईच्या तोंडात त्या दुखण्याला जो शब्द आहे तो माहीत नसेल, आणि तो उच्चारताना तुम्हालाच लाज वाटत असेल, तर 650 बायका तुमच्याशी बोलणारच नाहीत. बायका काही सांगत नाहीत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यांना विचारलं कुठल्या शब्दांत, हे कुणी बघत नाही.

आता यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं की डॉक्टर 2 वर्षांत बदलून जातो, तलाठी 3 वर्षांत जातो, मास्तर बदलीच्या रांगेत असतो, माणसानं किती भाषा शिकायच्या? प्रश्न खोटा नाही. पण दुसऱ्या राज्यातून महाराष्ट्र केडरला आलेल्या आयएएस अधिकाऱ्याला मराठी शिकावीच लागते, त्याची परीक्षा असते, आणि तमिळनाडूचा, बिहारचा, हरियाणाचा माणूस कलेक्टर होऊन ग्रामसभेत बरं मराठी बोलतो हे आपण बघतो आणि कौतुकही करतो. म्हणजे तत्त्व आपल्या व्यवस्थेला मान्य आहे. फक्त ते मराठीपाशी येऊन थांबतं. धारणी-चिखलदऱ्यात नेमणूक झाली तर 3 महिने आधी कोरकूचं शिक्षण, त्याचा भत्ता, परीक्षा पास झाल्यावर एक वाढीव इन्क्रिमेंट, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पगारी दुभाषाच्या 2 जागा, त्या तिथल्याच मुलामुलींना. यात अशक्य काय आहे? कोरकू-मराठी दोन्ही अस्खलित बोलणारी बारावी झालेली शेकडो मुलं तिथं रोजगाराला बाहेर जातायत. त्यांच्याकडे जी गोष्ट आहे ती आपण कौशल्य म्हणून मोजतच नाही.

मोबाइल भाषांतर करेल, हे दुसरं उत्तर. मला तंत्रज्ञानाचा राग नाही, उलट 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी विभागानं 'आदि वाणी' नावाचं ॲप आणलं, सुरुवातीला संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडीसाठी, ते वाचून मला आनंद झाला. कोरकूचा नंबर सुरुवातीला नव्हता, पुढे लागेल अशी आशा आहे. पण फोन शब्द फिरवून देतो. समोरची बाई घाबरून हो म्हणतेय का समजून हो म्हणतेय हे बघायला समोर माणूसच लागतो.

शाळेची गोष्ट तर अजून मोठी आहे, तिच्यावर वेगळं लिहायला पाहिजे, इथं थोडक्यात सांगतो. घटनेत 350-अ हे कलम 1956 पासून आहे, की भाषेनं अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करायची. इतकी वर्षं झाली तरी पहिलीतलं कोरकू पोरगं शाळेत बसतं आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहतं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली, तर तिला मान्यतेसाठी झगडावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल की हा माणूस मराठीबद्दल काही बोलतच नाही. बोलतो ना. कारण हेच तत्त्व उलट बाजूनं आपल्यालाही लागतं, आणि तिथं मी तितक्याच ठामपणे मराठीच्या बाजूनं उभा आहे. आमच्या तालुक्याच्या गावात एका बँकेत माझे काका गेले होते, वय 68, 5 एकर कोरडवाहू. पासबुकात 436 रुपये वजा झालेले दिसले. काउंटरवरचा मुलगा परराज्यातला, नवा, मराठी शून्य. तो म्हणाला, "वो बीमा का है, आपने साइन किया था." काकांना बीमा कळलं, आपल्याकडे विमाच म्हणतात, पण कशाचा, कुणाचा, मेल्यावरचा का पिकाचा, दरवर्षी कापणार का, बंद करायचा तर कसा, यातलं काही विचारता येईना आणि त्यानं सांगितलेलं समजेना. आयुष्यभर वऱ्हाडीत भांडणारा माणूस, बाजार समितीत व्यापाऱ्याला गप्प करणारा, तिथं मान हलवून हो म्हणाला आणि बाहेर आला. मला म्हणाले, पैशाचं काही नाही रे, योजना चांगली बी असन, पण मले कोणं इचारलं? तो मुलगा उद्धट नव्हता हो. त्यालाही कुणी शिकवलं नाही, पाठवून दिलं. पण पगार घेऊन खुर्चीवर तो बसलाय, काका नाहीत, त्यामुळे भाषा त्यानं शिकायची, काकांनी 68 व्या वर्षी हिंदी सुधारायची नाही. घटनेचं 350 कलम सांगतं की माणसाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मांडता येतं हे खरं, पण ऐकणाऱ्याला ते कळलं पाहिजे ना.

2025 मध्ये मराठी येत नाही म्हणून माणसांना थोबाडीत मारल्याचे व्हिडिओ फिरले. मला ते बघून फार वाईट वाटलं, आणि मराठीवरच्या प्रेमामुळेच वाईट वाटलं. बघा ना, मार कुणाला बसतो? दुकानदाराला, वॉचमनला, डिलिव्हरीवाल्या पोराला. ज्या कंपनीनं कॉल सेंटरवर मराठीचा पर्याय ठेवला नाही, ज्या हॉस्पिटलनं संमतीपत्र फक्त इंग्लिशमध्ये छापलं, ज्या बँकेनं ग्रामीण शाखेत मराठी न येणारा माणूस बसवला, त्यांच्या दारात कुणी जात नाही, कारण तिथं थोबाडीत मारून चालत नाही, तिथं अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो, कोर्टात जावं लागतं. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम अडवायची ताकद आहे त्याच्यावर सक्ती करा, मी पुढे येऊन सही करीन. बिहारमधल्या छपराहून आलेला बिगारी माझं काय अडवतो? त्याला मी शिकवायचं. आणि आपण शिकवतो का? समोरच्याच्या नावावरून किंवा चेहऱ्यावरून अंदाज घेऊन पहिलं वाक्यच आपण हिंदीत टाकतो, मग 10 वर्षं मुंबईत राहून त्याला मराठी आली नाही म्हणून चिडतो. 10 वर्षांत त्याच्याशी मराठीत किती जण बोलले?

दोन भाषा जवळच्या असल्या की गैरसमज जास्त होतात, हेही सांगितलं पाहिजे. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. आणि 'तू' चं तर विचारू नका. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो, त्यात माया आहे. लखनौच्या माणसाला त्याच मायेनं "तू कब आया?" विचारलं तर त्याच्या कानाला तो अपमान लागतो, आणि तो दुखावला का हे आपल्याला कळतही नाही. उलट निघताना आपण 'येतो' म्हणतो, जातो म्हणत नाही, आणि तेलुगू-तमिळ-कन्नड घरांतही निघताना जाऊन येतो असंच म्हणतात. तिथला माणूस आपलं 'येतो' ऐकून क्षणात ओळखतो. या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, एकमेकांच्या घरी जेवल्याशिवाय कळत नाहीत.

हुकमानं भाषा लादायचं काय होतं तेही शेजारीच बघायला मिळतं. गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं 1684 मध्ये फर्मान काढलं, 3 वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागायचं. खुर्चीनं शिकायच्या ऐवजी खुर्चीनं गावाला शिकायला सांगितलं. कोंकणी घराघरात राहिली, 1987 मध्ये गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये आठव्या अनुसूचीत आली. पण मधली 300 वर्षं कोंकणी माणसानं साहेबापुढे गप्प बसण्यात घालवली, त्याचा हिशोब कुणी मांडायचा?

आणि आपल्या मराठीच्या आतही हे चालतं. मी पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी "मी जेवून राहिलो" म्हटलं तर 8-10 पोरं हसली. हे हसणं आणि कोरकू बायकांचं हसणं एक नाही. त्या बायका आपल्याकडे आलेल्या माणसावर लोभानं हसत होत्या. ही पोरं माझं तोंड बंद करत होती, आणि मी सहा महिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. त्या अभिमानात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणारी पोरंही धरलेली असावीत, म्हणजे तिथला शब्द 'आपण' असावा, 'आम्ही' नसावा, एवढी माझी इच्छा आहे.

मागच्या आठवड्यात मावसबहीण आमच्याकडे आली होती, परीक्षा जवळ आलीय म्हणून पेशंटशी बोलायची प्रॅक्टिस करायची होती, तर तिनं आईलाच पेशंट केलं. आईला जर्मन एकच शब्द येतो, 'या', म्हणजे हो. स्वयंपाकघरात पाटावर बसली आई, आणि ही समोर वही घेऊन. दुखतंय का? या. ॲलर्जी आहे का? या. चालता येतं का? या. औषध कसं घ्यायचं समजलं का? या. बहीण वही खाली ठेवून म्हणाली, मावशी, सगळ्याला या काय म्हणतेस, मी लिहू काय?

आई म्हणाली, "तिथल्या म्हातारीले तुह्यं बोलणं समजलं नाही न, तं ती बी हेच करन. आता दुसऱ्या तऱ्हेनं इचार."

बहिणीनं जरा वेळ विचार केला, मग पाट ओढून जवळ बसली आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून पहिला प्रश्न परत विचारला.